गाडीला आवतण

"मामाजी, याचे खांदे कोनते समजाचे?"

परवा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सूनबाई हातात वाटी घेऊन ट्रॅक्टरपुढे उभी होती. वाटीत लोण्यात कालवलेली हळद. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची, कोमट पाण्याने शेकायचं, आणि मग बैलाच्या कानाशी जाऊन त्याला रीतसर जेवायला बोलवायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आता आमच्या गोठ्यात बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. पण सूनबाई धाड गावची, शेतकऱ्याच्या घरातली. सण मोडायचा नाही म्हणजे नाही.

मी तिला जागा दाखवली. समोरच्या दिव्यांच्या मागे, बॉनेटच्या दोन्ही अंगांना.

"हे कोनं ठरवलं?"

"म्याच ठरवलं. जपानात."

ती तोंडाला पदर लावून हसली. तिला वाटतं, हा म्हातारा जपानचं नाव काढायला निमित्तच शोधत असतो. आता खोटं कशाला बोलू, शोधतोच. पण पोळ्याच्या दिवसांत मला निमित्त शोधावं लागत नाही. श्रावण सरत आलेला असतो, मूग तोडणीला येतो, कपाशीला कळ्या-पात्या धरतात, पाऊस उघडून मऊ पिवळं ऊन पडतं, ओल्या मातीला आणि शेणाला त्या उन्हाचा एक वास येतो. तो वास नाकात गेला की माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावची, पिंपळगाव राजाची वेस उभी राहत नाही. उभी राहते टोकियोच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातली पत्र्याची शेड, आणि त्या शेडमध्ये सायीच्या रंगाची एक गाडी.

गाड्यांचं वेड मला नांदुऱ्याच्या रेल्वे फाटकात लागलं. दिवाळीनंतर आमची कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, नांदुऱ्याला जायची. फाटक पडलं की बंड्यांची रांग लागे, आणि त्या रांगेत कधीतरी एखादी मोटार अडकायची. जिनिंगवाल्या शेठजीची, नाहीतर डॉक्टरची. मी बंडीवरून उतरून तिच्याभोवती फिरायचो. हात लावायची हिंमत नव्हती. वास घ्यायचो. गरम तेल, रबर आणि आतल्या गादीचा असा एक वास, मला तो अत्तराहून बरा वाटे. बाबा वरून ओरडत, "मोटर काय हुंगून राह्यला बे, बैल सांभाय!"

पुढे खामगावला तंत्रशाळेत शिकलो, मुंबईच्या एका कारखान्यात लागलो, आणि तिथून दोन वर्षांच्या करारावर मला जपानला धाडायचं ठरलं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आमच्या गावातून नागपूरला जाणारा माणूससुद्धा सगळ्यांच्या पाया पडून जायचा. मी जपानला चाललो म्हटल्यावर आमच्या ओट्यावर आठवडाभर माणसं येत होती. बाबांनी मात्र एकच विचारलं.

"तिथं पोळा असते काय?"

"नसते."

"मंग कायचं गाव ते," म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले.

मायने घरच्या हळदीची पुरचुंडी बांधून माझ्या पेटीत ठेवली. काही लागलं-कापलं तर लावायला, म्हणाली.

तिकडे माझं काम पाट्यांचं. पाटे म्हणजे गाडीखालच्या लोखंडी पट्ट्यांची ती कमान, जिच्यावर सगळं ओझं बसतं. लाल तापलेली पट्टी भट्टीतून काढायची, साच्यात वाकवायची, तेलात बुडवायची. सकाळी कामाआधी सगळा कारखाना मैदानात उभा राहून भोंग्यावरच्या गाण्याबरोबर हातपाय हलवायचा. मोठे साहेबही हलवायचे, झाडणारी बाईही हलवायची. मी पहिल्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवशी लाजलो, तिसऱ्या दिवसापासून मीही हलवायला लागलो. जेवायला भात असे, पण तो चिकट, त्यावर वरण नाही. चहा असे, पण हिरवा, त्यात दूध नाही की साखर नाही. मिरचीची आठवण येऊन डोळ्यांत पाणी येऊ शकतं हे मला तिथे कळलं.

पण रविवार! रविवारी त्या गावातले पुरुष बनियनवर बाहेर येत आणि आपापल्या दारात गाड्या धुवत. बादल्या, फडकी, ब्रश. चाकांच्या फटीत बोटं घालून घालून. मधूनच मागे सरून गाडीकडे बघायचे, पुन्हा जवळ जाऊन एखादा डाग पुसायचे. पोळ्याच्या सकाळी नदीवर बैल धुणाऱ्या माणसांच्या तोंडावर जे असतं, अगदी तेच त्यांच्या तोंडावर असायचं. मी गल्लीगल्लीतून ते बघत हिंडायचो. कुणी हाक मारली की पाण्याची नळी धरायचो. माझं निम्मं जपानी मी नळी धरूनच शिकलो.

मी राहायचो एका बाईंच्या घरी, मागच्या खोलीत. सगळे त्यांना ओबासान म्हणायचे, म्हणजे मावशी. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, सतत कशात तरी हात गुंतलेल्या. त्या अर्थातच जपानी बोलायच्या. पण ते माझ्या कानात शिरताना वऱ्हाडी होऊनच शिरायचं, त्याला माझा इलाज नाही, म्हणून इथेही तसंच लिहितो.

"दिना-सान, काऊन जेवत नाई तू? हाडं दिसून राह्यले तुये."

दिनकरचं तिथे दिना झालं होतं.

ओबासानचे मालक टॅक्सी चालवायचे. स्वतःची गाडी, स्वतःचा परवाना. मी राहायला जाण्याआधीच्या वसंतात ते वारले. परवाना त्यांच्याबरोबर गेला, छपरावरचा दिवा आणि आतला मीटर सरकारने काढून नेला, आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. चार दारं, लांब सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेला. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ दारात नुसता उभा राहिलो. फाटकातली मोटार कुणीतरी माझ्या घरी आणून बांधली होती.

दर रविवारी गाडी पुसायची आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचं, एवढी परवानगी मी ओबासानकडून मागून घेतली. चालवायला मनाई, माझ्याकडे तिथला परवाना नव्हता. मी चोक ओढून चावी फिरवायचो, ती आधी कुरकुरायची, मग एक हिसका देऊन सुरू व्हायची आणि शेडचा पत्रा थरथरायचा. ओबासान स्वयंपाकघरातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या. इंजिन चालू असेस्तोवर जवळ यायच्या नाहीत.

त्या गाडीच्या सीटांना पांढरे अभ्रे होते. टॅक्सीला तशी रीतच होती. मालक गेले तरी ओबासान दर आठवड्याला ते काढायच्या, धुवायच्या, इस्त्री करायच्या, मी ते पुन्हा चढवायचो. एका रविवारी मी सहज म्हणालो, "ओबासान, बसा न जरासं. इंजिन किती गोड बोलून राह्यलं आज."

त्या दोन पावलं मागे गेल्या.

"नाई रे. थे गिऱ्हाइकाची जागा हाय."

मला आधी वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने बसवत नसेल. तसं नव्हतं. त्या त्या गाडीत कधीच बसल्या नव्हत्या. त्याच्या आधीच्या गाडीतही नाही. मालकांचा नियम होता, गाडी भाकरीसाठी आहे, घरच्यांनी सायकलवरून जावं. मुलगा केंजी झाला तेव्हा त्या सुईणीकडे पायी चालत गेल्या, कारण मालक कुणाला तरी घेऊन स्टेशनवर गेले होते. हे त्या तक्रार म्हणून सांगत नव्हत्या. उलट त्यात त्यांना थोडा अभिमान होता. पण सांगताना हात अभ्र्याच्या काठावरून फिरत होता, आणि त्या हातात मला फार दिवसांची एक इच्छा दिसली. ती मला अगदी लागली. माझी माय पोळ्याच्या पुरणाच्या कढया उतरवायची आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी, तवा निवल्यावर जेवायची. तिलाही कुणी कधी विचारलं नव्हतं, तुला काय पाहिजे म्हणून.

ऑगस्ट आला. जपानात त्या महिन्यात बोन नावाचा सण असतो, सगळे कारखाने बंद, सगळे आपापल्या गावी. त्या घरात तो मालकांच्या पाठचा पहिला बोन होता, त्यामुळे त्याला मान जास्त. दारात पांढरा कागदी कंदील लागला. टोकियोहून केंजी आला. तो तिकडे एका कचेरीत होता, नाकासमोर चालणारा, नीट भांग पाडलेला. त्याचं बोलणं मला का कोण जाणे पुण्याच्या मराठीत ऐकू यायचं.

आल्या आल्या त्याने सांगून टाकलं, "आई, गाडीच्या सरकारी तपासणीची मुदत या महिन्याअखेर संपते आहे. पुन्हा करून घेण्यात अर्थ नाही. मी भंगारवाल्याशी बोललो आहे. बोन झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन घेऊन जाईल."

ओबासान "हाव" म्हणाल्या आणि काकड्या चिरायला बसल्या.

मला राग आला. पण मी कोण? परका माणूस, मागच्या खोलीतला. शेडमध्ये जाऊन उगाच गाडीचे दिवे पुसत बसलो. गाडी जाणार याचं वाईट वाटत होतंच. त्याहून जास्त हे वाटत होतं, की ही बाई त्यात एकदाही न बसता ती जाणार.

दुसऱ्या दिवशी बघतो तर देवघराच्या फळीवर एक वांगं. त्याला काड्यांचे चार पाय. देठाचं तोंड. शेजारी तशीच चार पायांची काकडी. समोर दिवा, फळं, भात.

मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. आमच्याकडे ज्याच्या घरी बैल नाही, तो मातीचे बैल करून पाटावर मांडतो आणि त्यांची पूजा करतो. इथे माती नाही तर वांगं! म्हणजे बाबा चुकले होते, या गावालाही पोळा होता. मी ओबासानला खुणेने विचारलं, हा बैल ना? त्यांनी लांबलचक काहीतरी सांगितलं, त्यातला मला गाय एवढाच शब्द कळला. मी म्हणालो, "हाव हाव, समजलं समजलं." काही म्हणता काही समजलं नव्हतं.

त्यात पहाटेची चंद्राची कोर रोज बारीक होत चालली होती. मी मोजलं, बोनचा शेवटचा दिवस संपला की लागलीच अमावास्या. म्हणजे आपला पोळा. म्हणजे बोनचा शेवटचा दिवस हाच खांदेमळणीचा. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं! माणूस एकदा चुकीच्या बंडीत बसला की रस्त्यातली सगळी गावं त्याला ओळखीचीच वाटतात.

मग मी विचार केला, या घरचा बैल कोणता? ज्याने या घराला भाकरी घातली तो. बोनच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून लोणी आणलं, मायची हळद पेटीतून काढली, आणि वाटी घेऊन शेडमध्ये गेलो. खांद्याचा प्रश्न मलाही पडला होताच. मी पाटेवाला, ओझं मागच्या पाट्यांवर पडतं हे मला ठाऊक. पण बैलाचा खांदा म्हणजे जिथे जू टेकतं, जिथून ओढ लागते. शेवटी दिव्यांच्या मागची ती दोन गोलसर अंगं मी पक्की केली. हळद-लोणी लावून दोन्ही हातांनी चोळलं. चांगलं मुरेपर्यंत. बाबा चोळायचे तसं, तोंडाने चुचकारत. मग आरशाजवळ तोंड नेलं, कारण कान म्हणून दुसरं काही दिसेना, आणि म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मागे केंजी उभा होता.

"हे तुम्ही काय केलंत?"

मी सांगायचा प्रयत्न केला. त्याने खिशातून रुमाल काढून पुसायला सुरुवात केली. हळदच ती, घरची. तो जितकं पुसे तितकं पिवळं पसरे. सायीच्या रंगाच्या गाडीचे दोन्ही खांदे केशरी झाले, रुमाल पिवळा, त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही पिवळी. तो घामाघूम झाला. एवढ्यात आतून ओबासानची हाक आली, दारात या म्हणून.

दारात त्यांनी मातीच्या थाळीत काड्या पेटवल्या होत्या. संध्याकाळ होती, अजून पुरतं अंधारलं नव्हतं. वांग्याची गाय त्यांच्या हातात. आणि तेव्हा केंजीने मला सावकाश, एकेक शब्द सुटा करून समजावलं. बोनमध्ये गेलेली माणसं घरी येतात. त्यांनी लवकर यावं म्हणून काकडीचा घोडा करतात. आणि परत जाताना त्यांनी हळूहळू, मागे बघत बघत जावं, म्हणून वांग्याची गाय. हा निरोपाचा जाळ. आता त्याचे बाबा निघाले होते.

मी मान खाली घातली. पोळा नव्हताच. माझ्या बाबांचं बरोबर होतं. पण जाळाकडे बघणाऱ्या ओबासानचं तोंड पाहून मला एक विचित्र समाधानही वाटलं, की माझं सगळंच काही चुकलेलं नव्हतं. गाय होती. तिच्यावर घरचं माणूस बसलेलं होतं. तिला हळू चाल म्हणून सांगणारी बाई होती. एवढं तर आमचंच होतं.

जाळ विझला आणि मला धसका बसला. मी आवतण देऊन बसलो होतो! सकाळी भंगारवाला येणार, आणि जेवायला बोलावलेली गाडी उपाशी जाणार.

तुम्हाला हसू येईल. पण मी लहान असताना ऐन पोळ्याच्या सकाळी एक बैलांचा व्यापारी आमच्या दारात आला होता. आमचा एक बैल पायाने अधू झाला होता, तो द्यायचा आधीच ठरलेला. व्यापारी दूरवरून चालत आलेला, कासरा हातात. बाबा उठलेही. पण माय आडवी आली. "त्याले आवतन देलं हाय. जेवल्याबिगर माया दारातून जनावर जाणार नाई. तुमीही बसा, जेवा, अन् उद्या न्या." माझ्या मायने चारचौघांत मोठ्याने बोललेलं मी तेवढंच ऐकलं. व्यापाऱ्याने कासरा खुंटीला टांगला आणि मुकाट्याने पंगतीला बसला.

हे मी ओबासानला सांगितलं. मोडक्या जपानीत, हातवारे करून, बैलाचं लंगडणं स्वतः लंगडून दाखवत. केंजी कपाळाला हात लावून बसला होता. ओबासान मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तू तिले बोलावलं? तिच्या कानात?"

"हाव."

"मंग प्रश्नच मिटला," म्हणाल्या, आणि लाल डाळ भिजत घालायला आत गेल्या.

सकाळी भंगारवाल्याचा ट्रक दारात येऊन उभा राहिला. केंजी चपला घालून बाहेर निघाला, पण ओबासान त्याच्याही पुढे. एप्रन काढून, केस नीट करून. त्या ट्रकवाल्यापुढे कंबरेत वाकल्या.

"तकलीफ देली तुमाले. पन आज जमणार नाई. आज तिचं जेवण हाय."

ट्रकवाल्याने शेडकडे पाहिलं. केशरी खांद्यांची गाडी पाहिली. मग ओबासानकडे. त्यानेही टोपी काढली, वाकला, आणि उद्या येतो म्हणून ट्रक मागे घेतला. काय समजला कुणास ठाऊक. पण मला तो माणूस आपल्याकडचा वाटला.

केंजी चिडलाच. त्याला संध्याकाळच्या गाडीने टोकियोला निघायचं होतं. "आई, हा काय पोरखेळ आहे?" ओबासान लाल डाळ शिजवून, साखर घालून घोटत होत्या. मी बोटाने चाटून पाहिलं आणि उडालोच. पुरण! वेलदोडा नसलेलं, रंगाने काळपट, पण पुरणच. चिकट भाताच्या गोळ्यांवर ते थापून त्यांनी ताट भरलं, शेडमध्ये नेलं, गाडीपुढच्या जाळीसमोर दोन्ही हातांनी धरलं आणि डोळे मिटले. बराच वेळ काही म्हणत होत्या. ते जपानीतच होतं, माझ्या कानातही ते वऱ्हाडी झालं नाही, आणि व्हायलाही नको होतं.

मग आम्ही तिघं तिथेच पायरीवर बसून जेवलो.

गाडी गेलीच. दुसऱ्या दिवशी ट्रक आला, साखळी लावली, ओढून नेली. ते आधीच सांगून टाकतो, उगाच कुणी आशेवर राहायला नको. मीही करार संपवून परत आलो, नांदुऱ्यात पाट्यांचं दुकान टाकलं, ट्रक, जीपा आणि एसटीच्या गाड्या दुरुस्त करता करता हात काळे केले. जगातली चांगलीचुंगली वाहनं पाहिली. यंदा वेशीत पोळा भरला तेव्हा तोरणाखाली बैलांच्या दोनच जोड्या, बाकी सगळे ट्रॅक्टर. झुली पांघरलेले, झेंडूच्या माळा घातलेले. पोरं झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत होती, आवाज फुटेस्तोवर. माझ्या वयाचे काही म्हातारे नाकं मुरडत होते, लोखंडाचा काय पोळा म्हणून. मी नाक मुरडलं नाही. कशाची पूजा होते यापेक्षा त्या दिवशी घरातलं कोण कुणाकडे नीट बघतं, याला माझ्या लेखी जास्त किंमत आहे. लोखंडाने माणसं जोडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहेत.

तर त्या दिवशी शेडच्या पायरीवर आमचं जेवण झालं. ओबासानने विचारलं, जेवल्यावर बैल काय करतो?

"काम नाई करत," मी सांगितलं. "त्याले गावातून मिरवून आनतात. घरोघर नेतात."

"मंग हिलेही न्या लागन."

मी केंजीकडे पाहिलं. परवाना त्याच्याकडे होता. तो शेडच्या दारात उभा होता, हातात चहाचा पेला.

"मी बाबांच्या जागेवर कधी बसलेलो नाही," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "त्यांनी बसूच दिलं नाही कधी. मीही पुढे मागितलं नाही. मला ही गाडी आवडत नाही, दिना-सान. आमच्या घरातला सगळा वेळ हिने खाल्ला."

तो रागावलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि हे मला तोवर कळलंच नव्हतं. गाडीचे दिवे पुसता पुसता मी मनातल्या मनात त्या पोराला किती नावं ठेवली होती.

ओबासान पायरीवरून उठल्या. हात पुसले.

"तू चालव," म्हणाल्या. "मी बसीन."

केंजीने त्यांच्याकडे पाहिलं. पेला खाली ठेवला. मग आत गेला आणि आला तो नवा सदरा घालून, केसांना पाणी लावून. मी पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसलो. त्याने चावी फिरवली. ती कुरकुरली, हिसका दिला, आणि सुरू झाली. गाडी शेडबाहेर काढून त्याने घराच्या दारात उभी केली. ओबासान घरात जाऊन ठेवणीतला पोशाख करून आल्या होत्या, करडा, बारीक रेघांचा. त्या मागच्या दाराशी आल्या आणि मुठीकडे हात नेला.

जपानातल्या टॅक्सीला गिऱ्हाइकाने दार उघडायचं नसतं. ड्रायव्हरच्या सीटखाली एक दांडा असतो, तो ओढला की मागचं दार आपसूक उघडतं. केंजीने खाली वाकून दांडा ओढला. दार उघडलं. ओबासान हात तसाच धरून उभ्या राहिल्या. त्यांना ते दार ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू, आतून-बाहेरून हजारदा पुसलेलं. पण ते त्यांच्यासाठी उघडलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

त्या बसल्या. काठावर, गुडघे जुळवून, पर्स मांडीवर. मग हळूहळू मागे सरकल्या, पाठ टेकली. अभ्र्याला चुणी पडली आणि त्यांनी ती सरळ केली नाही. दार लागलं. मी समोर बघत होतो, कारण माझ्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

केंजीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोरच्या आरशात आईकडे पाहिलं. बाप रोज परक्या माणसांना जे विचारत आला, ते त्याने विचारलं, अगदी त्याच अदबीने.

"बाईसाहेब, कुठं जायचं?"

इंजिन चालू होतं. असं त्यांना कुणी कधी विचारलेलंच नव्हतं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, रस्त्याकडे, त्या टोकाला नदी, त्यापलीकडे भाताची शेतं. शेवटी हळूच म्हणाल्या,

"घरी."

गाडी त्यांच्याच घराच्या दारात उभी होती. केंजी हसला नाही. "बरं," म्हणाला, आणि गिअर टाकला. स्टेशनावरून, बाजारातून, नदीच्या पुलावरून, भाताच्या शेतांतून, ऊन कलेपर्यंत फिरत फिरत त्याने आईला घरी आणलं.